मूळ पात्र, क्षमता वीस लिटर

दगडोबांना राणी काढायला सांगितली त्या दिवसापासून त्यांच्या घरातली एकही खुर्ची ठिकाणावर राहिली नाही. विचार करताना कुणी हनुवटी खाजवतो, कुणी नखं खातो, फार तर छताकडे बघत बसतो. दगडोबा खुर्ची हलवतात. खिडकीपाशी नेतात, बसतात, उजेड जास्त आहे म्हणून उठतात, भिंतीपाशी नेतात, भिंत फार अंगावर येते म्हणून पुन्हा उठतात. पहिल्या चार दिवसांतच खालच्या मजल्यावरून चौकशी आली, की वर फर्निचरचं दुकान निघालंय का, आणि निघालं असेल तर कपाटं कधी येणार.

दगडोबा हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत ते चित्रकार आहेत आणि गेली चौदा वर्षं त्यांनी तिथे दगड काढले आहेत. खेळात शत्रू बाण सोडायला लागला की खेळणारा ज्या दगडाआड लपतो, तो दगड कुणीतरी काढावा लागतो. तो दगडोबा काढतात. शेवाळलेला दगड, तडकलेला दगड, ज्याला टेकून म्हातारा सेनापती प्राण सोडतो तो दगड. लोकांच्या लक्षात सेनापती राहतो. खेळ संपल्यावर पडद्यावर नावांची जी यादी सरकत जाते, तिच्यात दगडोबांचं नाव 'इतर साहाय्य' या मथळ्याखाली असतं. पण तोवर खेळणारा माणूस चहा ठेवायला उठलेला असतो.

तर अशा माणसाला राणी मिळाली. आणि ती का मिळाली, हेही सांगून टाकलेलं बरं. कंपनीतले पात्रं काढणारे दोघे चित्रकार एकाच दिवशी, एकाच लिफ्टने, समोरच्या कंपनीत गेले. मागे जो उरला त्याला बोलावणं आलं. म्हणजे हा मान गुणांमुळे नव्हे तर हजेरीमुळे मिळाला होता. पण चौदा वर्षं दगड काढलेला माणूस मानाची कुळकथा विचारत बसत नाही.

"मला एक राणी हवीय," साहेब म्हणाले. दर दोन वाक्यांना 'व्हिजन' हा शब्द वापरत असल्यामुळे कंपनीत त्यांना सगळे व्हिजनसाहेबच म्हणत. "योद्धा राणी. अद्भुत जगातली. पण अशी, की आजवर कुठेच कुणी बघितली नाही. ओरिजिनल! माझं व्हिजन अगदी क्लिअर आहे."

"म्हणजे कशी?" दगडोबांनी वही काढली.

"ते तुम्ही सांगायचं."

मुदत तीन आठवड्यांची. तिसऱ्या शुक्रवारी भागीदारांपुढे सादरीकरण. राणी पसंत पडली तर खेळाच्या शेवटी नव्हे, सुरुवातीलाच पडद्यावर स्वतंत्र ओळ येणार: 'मूळ पात्ररचना', आणि खाली दगडोबांचं नाव. एकट्याचं. नाही पसंत पडली तर काम बाहेर जाणार आणि दगडोबा परत दगडांकडे.

"नाराज व्हायचं कारण नाही," व्हिजनसाहेब धीर देत म्हणाले. "पुढच्या खेळात आपल्याकडे अख्खा डोंगर आहे."

पहिली राणी दगडोबांनी दोन दिवसांत काढली. लांब केस, लखलखता भाला, डोळ्यांत निखारे. त्यांनी ती लेकीला दाखवली. लेक कॉलेजात शिकते आणि बापाच्या कलेबद्दल तिला आदर आहे. फक्त तो ती मोबाईलमधून व्यक्त करते. तिने चित्राचा फोटो काढला, अंगठा दोनदा हलवला आणि म्हणाली, "आहे."

"काय आहे?"

"हीच आहे, बाबा. तीन वर्षांपूर्वीच्या एका खेळातली. हिचा भाला डाव्या हातात आहे, एवढंच."

दगडोबांनी दुसरी राणी काढली. शिंगं, राखाडी त्वचा, कमरेला सापांचा पट्टा. "आहे," लेक म्हणाली. "ही तर दोनदा आहे." तिसरीला त्यांनी चार हात दिले. चौथीचे हात काढून घेतले. पाचवी धुराची होती. लेक जेवताजेवता, वेणी घालताघालता, दारातून बाहेर पडतापडता एकच शब्द टाकून जायची. दुसऱ्या आठवड्यात तर ती फोटोसुद्धा काढेनाशी झाली. लांबूनच बघायची आणि कीव आल्यासारखं मान हलवायची. जगात याआधी इतक्या माणसांनी इतक्या राण्या काढून ठेवल्या असतील, अशी दगडोबांना कल्पनाच नव्हती. दगडांचं बरं असतं. दोन दगड एकसारखे निघाले तर कुणी कोर्टात जात नाही.

या काळात दगडोबांचं बूड कशाला टेकेना. ऑफिसात ते उभ्याने काम करू लागले. बसमध्ये जागा असून दांडा धरून उभे राहत. घरी खुर्ची आणि ते अशी दोघांची प्रदक्षिणा चालू असे. मग त्यांनी एक चूक केली. सहाव्या राणीचं मोठं चित्र त्यांनी दिवाणखान्यातल्या भिंतीवर लावलं, लांबून बघता यावं म्हणून. ते दारातूनही दिसायचं. आणि त्यांच्या इमारतीत दारं बंद ठेवण्याची पद्धत नाही.

सर्वांत आधी आले वरच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते. हे गृहस्थ पूल बांधून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून कशावर तरी भार टाकायला मिळावा म्हणून तळमळत असतात. त्यांनी चष्मा पुसला.

"वजन किती हिचं?"

"कुणाचं?"

"बाईंचं हो. पंख दिलेत ना? मग वजन नको का सांगायला?"

"अद्भुत जग आहे ते," दगडोबा म्हणाले.

"असेना. गुरुत्वाकर्षण आहे ना तिथे? नसेल तर मग पंख कशाला?"

अभियंत्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केली. साठ किलोची बाई आणि पंचवीस किलोचं चिलखत धरून प्रत्येक पंख साडेसात मीटरचा निघाला. तो काढला तर राणी स्वतःच्या महालाच्या दारातून आत जाईना. "मग दारं रुंद करा," अभियंते म्हणाले. "पण भिंतीवर येणारा भार मला आधी दाखवा. माझ्याशिवाय काही करू नका." पंख गेले.

मग समोरच्या दारातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. राणीला सुळे होते. बाईंनी ते हातातल्या पेनाने मोजले.

"तोंड मिटत नसणार हिचं."

"ती चवताळलेली आहे."

"चवताळलेली नाही, जबडा दुखतोय तिचा. हे असे सुळे असले की माणूस चवताळतोच. आणि दाढा कुठेयत? खाते काय ही? पेज?"

"ती शत्रूंचं..." दगडोबा जरा घुटमळले, "रक्त पिते."

"मग हिरड्यांचं काही खरं नाही," बाई म्हणाल्या आणि जाताना सहज म्हणून दगडोबांच्या तोंडातही डोकावून गेल्या. सुळे गेले. दगडोबांची खालची एक दाढही पुढच्या बुधवारी जायची ठरली.

घरच्या आघाडीवर तरी शांतता असावी, तर तसंही नाही. दगडोबांची बायको शिवणाचे वर्ग चालवते. ती दोन दिवस काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा दगडोबांना घाम फुटतो. तिसऱ्या दिवशी तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"अहो, ही हे चिलखत घालते कुठून?"

"म्हणजे?"

"डोक्यातून की पायांतून? पुढे बटण नाही, मागे हूक नाही, बाजूला चेन नाही. आणि श्वास घेते का ती? छातीला एवढं तंग, पोटाला एवढं आत. पोटात काही आहे की नाही तिच्या? राज्य चालवते ना? मग थोडं पोट सुटणारच. तुमचं नाही सुटलं, राज्य नसतानासुद्धा?"

"ती जादूने घालते."

"मग धूतही जादूनेच असेल. नशीबवान आहे."

दगडोबांनी चिलखताला पुढून बक्कल दिलं. पोट थोडं सोडलं. चपला सपाट केल्या. भाल्याचं टोक कुणाच्या डोळ्यात जाईल, असं खालच्या मजल्यावरून सुचवण्यात आलं म्हणून ते बोथट केलं. दुसऱ्या आठवड्याअखेर भिंतीवरच्या चित्रात एक समंजस, सरळ दातांची, मध्यम बांध्याची बाई उभी होती. तिला आता शास्त्राच्या दृष्टीने कुठेही नाव ठेवायला जागा नव्हती.

लेक कॉलेजातून आली आणि चित्रासमोर थबकली. मोबाईलला हातही न लावता म्हणाली, "बाबा, आता ही खरंच आहे. आमच्या लायब्ररीत बसतात."

*

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी कंपनीच्या वकीलबाईंनी दगडोबांना बोलावलं. वकीलबाई कधीही आवाज चढवत नाहीत. त्यांना गरजच पडत नाही.

"मागच्या खेळातला आपला जादूगार दुसऱ्याच कुणाचा तरी निघाला. आठवतंय?"

दगडोबांना आठवत होतं. त्या जादूगाराच्या पायाखालचा दगड त्यांचा होता, आणि त्याच्याबद्दल मात्र कुणी तक्रार केली नव्हती.

"तेव्हापासून नियम केलाय. मूळ पात्राची सरकारी नोंदणी. नोंदणीपत्र नाही तर शुक्रवारचं सादरीकरण नाही. व्हिजनसाहेबांना सांगितलंय मी."

"पण राणी अजून पुरती..."

"तिचं तुम्ही बघा. मला कागद लागतो."

मंगळवारी सकाळी दगडोबा बगलेत चित्रांची फाईल मारून नोंदणी कार्यालयात हजर झाले. चौथ्या खिडकीवर 'साहित्य, कला व तत्सम' अशी पाटी होती आणि पाटीखाली दुसरी पाटी होती, की येथील मॅडम प्रशिक्षणास गेल्या असून परत आल्यावर भेटतील. दगडोबांचा धीर सुटत चालला होता, तेवढ्यात त्यांची नजर सातव्या खिडकीकडे गेली. तिच्यावर निळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'पात्रे'.

त्यांना भरून आलं. सरकारदरबारी पात्रांसाठी स्वतंत्र खिडकी असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. कथा नाही, नाटक नाही, थेट पात्रे! रांगही बऱ्यापैकी होती. पुढच्या गृहस्थांच्या हातात एक मोठा पितळी डबा होता आणि त्यांच्या पुढचीच्या हातात झाकणाची किटली. कामाला उशीर लागतो म्हणून लोक खाण्यापिण्याची तयारी करूनच आलेले दिसतायत, असं दगडोबांच्या मनात आलं. आपण नुसतेच आलो याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

खिडकीतल्या बाई पन्नाशीच्या होत्या. समोर छापील फॉर्म, हातात पेन, आणि नजर फॉर्मच्या वर यायला तयार नाही.

"चित्र आणलंय?"

दगडोबांनी लगबगीने फाईल उघडली.

"दाखवू नका!" बाई दचकून म्हणाल्या. "पाकिटात घाला, चिकटवा, वर सही करा. आम्ही बघत नाही. बघितलं की उद्या म्हणाल, नक्कल केली. वर्णन सांगा, मी लिहिते. मूळ पात्र आहे ना?"

"अगदी मूळ," दगडोबा म्हणाले.

"कशाचं? माती, की धातू?"

दगडोबा चकित झाले. राणीच्या जन्मकथेबद्दल आजवर कुणी चकार शब्द विचारला नव्हता. "मातीतून वर आलेली आहे ती," ते म्हणाले. "रणांगणातल्या."

"माती," बाईंनी लिहिलं. "कान किती?"

"दोन."

"मोठे?"

"तसे... बऱ्यापैकी."

"हात घालून उचलता येईल एवढे?"

दगडोबांनी क्षणभर विचार केला. राणीला कान धरून उचलायची कुणाची छाती होणार? पण सरकारी प्रश्न आहे, काहीतरी हेतू असेल. "शत्रूने पकडली तर," ते म्हणाले, "येईल उचलता."

"पोट?"

"थोडं सुटलेलं. मिसेसच्या सूचनेवरून."

"झाकण?"

"शिरस्त्राण आहे."

"म्हणजे झाकणच. निघतं का?"

"युद्ध संपल्यावर काढते."

"झाकण, सुटं," बाई पुटपुटल्या. "क्षमता?"

"अफाट!"

"अफाट नाही चालत, काका. पाच, दहा, पंधरा, वीस?"

इथे गुण वीसपैकी देतात, हे दगडोबांच्या ध्यानात आलं. चौदा वर्षांत साठलेला सगळा स्वाभिमान एकवटून ते म्हणाले, "वीस."

बाईंनी पहिल्यांदाच जरा आदराने 'हं' केलं. "गळती आहे?"

"काय?"

"गळतं का कुठून?"

"रडते एकदा," दगडोबा हळू आवाजात म्हणाले. "शेवटच्या टप्प्यात. एकटी असताना."

"गळती, किरकोळ. बूड कसं आहे? सपाट की गोल?"

आता मात्र दगडोबा कानापर्यंत लाल झाले. मागे रांगेत बायकामाणसं उभी होती. "तसं काही मी मुद्दाम काढलेलं नाही," ते म्हणाले.

"अहो, एका जागी स्थिर राहतं का?"

"नाही, नाही. तिला स्वस्थता म्हणून नाहीच. सारखी हलत असते."

"म्हणजे गोल. मग टेकू लागणार. टेकू आहे?"

दगडोबांना हा प्रश्न लागला. गेले पंधरा दिवस एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जाणाऱ्या माणसाला लागावा असाच तो प्रश्न होता. "कुणाचा टेकू नाही," ते म्हणाले. "एकटीच आहे."

"टेकू, नाही," बाईंनी लिहिलं आणि शिक्का उचलला. "उद्या सकाळी या. आमच्या खिडकीवर काम पडून राहत नाही."

बुधवारी नोंदणीपत्र हातात पडलं. दगडोबांनी ते जिन्यात वाचलं, मग जिन्यातच खाली बसून पुन्हा वाचलं. 'मातीचे मूळ पात्र. कान दोन, मोठे. पोट सुटलेले. झाकण सुटे. बूड गोल, टेकू नाही. गळती किरकोळ. क्षमता वीस लिटर. या वर्णनाचे पात्र या कार्यालयात यापूर्वी नोंदले गेलेले नाही. घरगुती वापरास योग्य.'

*

आपली राणी सरकारने रांजण म्हणून दाखल करून घेतली, हे वकीलबाईंना सांगण्याआधी दगडोबा त्यांच्या केबिनबाहेर अकरा फेऱ्या मारून आले. वकीलबाईंनी कागद शांतपणे वाचला, उलटा केला, शिक्का बघितला.

"कागद पक्का आहे," त्या म्हणाल्या.

"पण ही राणी नाहीये. हे भांडं आहे!"

"वर्णन दुरुस्त करायला किती दिवस लागतात, माहितीय? नव्वद. पाकिटातलं चित्र मात्र सात दिवसांच्या आत केव्हाही बदलता येतं. तुम्हाला नवीन चित्र काढायला किती वेळ लागतो?"

"एक दिवस," दगडोबा बेसावधपणे म्हणाले.

"मग चित्र कागदाप्रमाणे करा."

चौदा वर्षांत दगडोबांचा पुष्कळ अपमान झाला होता, पण तो सगळा न विचारल्यामुळे झालेला होता. विचारून, बोलावून, शिक्का मारून झालेला हा पहिलाच. आता गुरुवार तेवढा हातात होता. गुरुवारी सकाळी ते तरातरा आपल्या टेबलाशी गेले. रागाने खुर्ची ओढली. रागानेच कागद पुढे घेतला आणि कागदावर सूड उगवल्यासारखं एक भलंमोठं, गोल बुडाचं, मातीचं भांडं काढलं. घ्या! कान हवेत? हे घ्या कान. झाकण हवंय? हे घ्या. त्यांनी झाकण जरा कलतं ठेवलं, आणि त्याखाली अंधारात दोन डोळे काढले. ते कुणी सांगितले नव्हते.

मग त्यांच्या लक्षात आलं, की बूड गोल आहे आणि टेकू नाही, तर ही उभी कशी राहील? राहणारच नाही. थांबली की कलंडेल. म्हणून तिला पुढे झुकवावी लागली, धावती करावी लागली. पोटाखाली दोन आखूड पाय आले. ते जमिनीला टेकत होते न होते. पोटावर एक बारीकशी चीर आली, आणि तिच्यातून ठिबकलेल्या थेंबांची एक ओळ मागे मातीत उमटत गेली. डागडुजी केल्याच्या खुणा आल्या. भाजणीत एका बाजूला जास्त लागलेला काळपट डाग आला. मातीचं आणि दगडाचं अंग दगडोबांना डोळे मिटून कळत होतं. तडा कुठून सुरू होतो, कुठे थांबतो, ओल कुठे धरते, ऊन कुठे खाते, सगळं. गुरुवार संपायला आला आणि ते भानावर आले तेव्हा त्यांना आपल्या खुर्चीचा स्पर्श जाणवला. सकाळपासून ते उठलेच नव्हते.

संध्याकाळी चित्र लेकीच्या हातात दिलं. तिने फोटो काढला. अंगठा हलवला. आणखी हलवला. मग भुवया आकसल्या, खुर्चीवर नीट बसली, पुन्हा शोधलं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"नाहीये, बाबा. अशी कुठेच नाहीये."

बायकोने शिवण बाजूला ठेवून चित्राकडे बघितलं. हूक, बटण कशाचीच चौकशी केली नाही. "दमलीय हो बिचारी," एवढंच म्हणाली.

शुक्रवारच्या सादरीकरणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भागीदार सगळे एकदम बोलले. खेळणाऱ्याला थांबताच येणार नाही, थांबला की राणी कलंडली, या गोष्टीवर एक भागीदार तर उठून उभा राहिला. व्हिजनसाहेबांनी सर्वांना सांगितलं, की हे त्यांचं पहिल्यापासूनचं व्हिजन होतं. दगडोबांनी मान डोलावली. आज त्यांना त्याचं काही नव्हतं. पडद्यावरची ओळ त्यांची होती.

ती फक्त एका सहीवर अडली होती. वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला: 'सदर पात्राचे रूप, गुण व वर्णन मी एकट्याने, अन्य कोणाच्याही साहाय्याशिवाय ठरवले आहे.'

दगडोबांनी पेन उघडलं. बंद केलं. उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"गोल बूड माझं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"टेकूही माझा नाही. गळतीसुद्धा. सातव्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं म्हणून आलं ते सगळं."

वकीलबाईंनी कागद परत आपल्याकडे ओढला. चौदा वर्षांनी मिळालेली ओळ हा माणूस आपल्या हाताने खोडायला निघालाय, हे त्यांना दिसत असावं. "मग त्या बाईंची ना-हरकत आणा," त्या म्हणाल्या. "तीन वाजेपर्यंत. नाही आणली तर ओळ 'रचना: कंपनी' अशी जाईल. मला तिथे शंका चालत नाही."

दोन वाजून पाच मिनिटांनी दगडोबा धापा टाकत सातव्या खिडकीशी पोचले. रांग मोडून पुढे गेल्याबद्दल मागून बरंच काही ऐकून घेतलं.

"काय, गळती वाढली का?" बाईंनी ओळखलं.

दगडोबांनी एका दमात सगळं सांगितलं. राणी, रांजण, भागीदार, ओळ. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी बाईमाणसाबद्दल बोलत होतात?"

"हो."

"आणि मी बुडाचं विचारलं!" बाईंनी तोंडावर पदर धरला. मग सावरल्या. "पण माझी हरकत कशाला असेल? पात्र तुमचं."

"गोल तुम्ही म्हणालात."

"हलतं तुम्ही म्हणालात."

"टेकूचं तुम्ही काढलंत."

"अहो, विचारणं माझं कामच आहे. दिवसाला चाळीस जणांना विचारते. चाळीस भांडी माझी झाली का?" त्यांनी हात पुढे केला. "आणा इकडे. हरकत नाही असं लिहायचं तर निदान बघायला तरी पाहिजे."

खिडकी सुरू झाल्यापासून एकोणीस वर्षांत तिथून कुणी चित्र बघितलं नव्हतं. बाईंनी चष्मा लावला. कागद उजेडाकडे धरला. रांगेतली चुळबुळ वाढली, मग हळूहळू कमी झाली, कारण बाईंची नजर कागदावरून हलेना.

"ही कुठे निघालीय?" त्यांनी विचारलं. "एवढी वाकून?"

हे दगडोबांना कुणी विचारलं नव्हतं. वजन विचारलं होतं, दात विचारले होते, हूक विचारले होते. अशी आधी कुठे आहे का, हेही बघून झालं होतं. कुठे निघाली, ते नाही. अजून ठरलेलं नाही असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"वर एक गाव आहे. तिथली विहीर आटलीय. हिच्यात वीस लिटर पाणी आहे आणि वाटभर गळतंय. थांबून चीर बुजवावी, तर कलंडते. म्हणून अशी चाललीय."

"पोचते?"

"पोचते."

"किती घेऊन?"

दगडोबांनी चित्राकडे बघितलं. "एक पेला," ते म्हणाले. "पण पोचते."

बाईंनी कागद खाली ठेवला. ना-हरकतीच्या कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का शाईत दाबून नीट सरळ मारला.

"मी नोंदलं होतं ते रिकामं होतं," त्या म्हणाल्या. "हे भरलेलं आहे. हे माझं नाही."

दगडोबांनी कागद घेतला. घड्याळात अडीच वाजत होते. ते वळले, तर मागच्या गृहस्थांनी हातातलं लोखंडी पातेलं जमिनीवर ठेवलं होतं आणि ते वाटेतच उभे होते.

"आणि तो एक पेला," त्यांनी विचारलं, "कुणाला देते ती?"

"सांगतो," दगडोबा म्हणाले.

"बाजूला होऊन सांगा, खिडकी चालू आहे," बाई करड्या आवाजात म्हणाल्या, आणि ऐकू नीट यावं म्हणून खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या.